पूर्ण वाक्य

"रुग्णाचं नाव सांगा," वेदश्री म्हणाली, आणि नरहररावांना ते नाव चटकन सुचेना. समोर पलंगावर, पाठीशी उशा रचून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून मीराबाई बसल्या होत्या. त्यांचे खांदे प्रत्येक श्वासाला वर चढत होते, आणि ते नाव काही केल्या जिभेवर येत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी बायकोला 'अगं' म्हटलं होतं, दुसऱ्या खोलीत असली तर 'ऐकलं का'. नाव असं तोंडानं घेतलं ते लग्नात, घास भरवताना, उखाण्यात, तेही चारचौघींनी अडवून धरलं म्हणून. "मीरा," ते म्हणाले. "मीरा नरहर साल्पेकर." पलीकडे कळफलकावर बोटं चालल्याचा आवाज आला. "वय?" वय तिला ठाऊक होतं. आईच्या वाढदिवसाला गेल्याच महिन्यात ती वर्ध्याहून संत्र्याची बर्फी घेऊन आली होती. तरी त्यांनी वय सांगितलं. "पत्ता?" आर्वी, जुन्या जिनिंगच्या मागची गल्ली, खाली शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, बाजूनं जिना, वरचा मजला. आपण कोणाला पत्ता सांगतो आहोत हे त्यांना बोलताना जाणवलं. या जिन्यावरून ती लहानपणी बसून बसून, एकेक पायरी घसरत उतरायची. पण ती 'बरं' म्हणाली, इतर कोणाला म्हणावं तसं, आणि दुकानाची खूण पुन्हा एकदा विचारून घेतली.

बाबा म्हणाली नाही. हे त्यांच्या लक्षात आलं आणि लक्षात आल्याची लाज वाटली. ड्यूटीवर असताना तिचा मोबाईल खणात बंद असतो, काही लागलं तर ती फोन घेते त्या मदत केंद्राच्या नंबरावरच फोन करायचा, हे तिनंच बजावून ठेवलं होतं. त्यांनी तसंच केलं होतं. तिथं तीन-चार जण फोन घेतात. आज तीच निघाली. मग तिनं दम कधीपासून लागतोय ते विचारलं, पाय सुजलेत का विचारलं, आणि म्हणाली, "त्यांना फोन द्या." त्यांना. आईला ती 'तू' म्हणायची, कधी लाडात आली तर 'मीराबाई' म्हणायची. नरहररावांनी फोन बायकोच्या कानाशी धरला. पलीकडून काहीतरी विचारलेलं अस्पष्ट ऐकू आलं. मीराबाईंनी डोळे मिटले, नाली ओलांडायच्या आधी बाई निऱ्या गोळा करते तसा सगळा श्वास गोळा केला, आणि म्हणाल्या, "मी बरी आहे, तू जेवलीस का?" आवाज अगदी त्या शाळेत शिकवायच्या तेव्हाचा, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. मग त्यांची मान खाली गेली, आणि ओठ हलत राहिले पण त्यातून काही निघेना. तोवर फोन नरहररावांच्या कानाशी परत आला होता. "पूर्ण वाक्य बोलताहेत," वेदश्री म्हणाली. त्यांना की स्वतःला, ते कळलं नाही. "पिवळ्यात टाकते. दोन तासांच्या आत माणूस येईल. आर्वीची गाडी एका लाल कॉलवर निघालीय, ती आधी तिकडे जाईल. काही बदललं तर याच नंबरावर परत फोन करा." आणि फोन बंद झाला.

ते फोन हातात धरून तसेच उभे राहिले. लाल आणि पिवळा म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं, हाच घोळ होता. दिवाळीत फराळाच्या ताटावर वेदश्रीनंच सगळं समजावून दिलं होतं, चकलीचे तुकडे मांडून. दवाखान्यात नेण्यापेक्षा घरीच उपचार झालेले बरे अशी माणसं गावोगाव असतात, म्हातारी, अंथरुणाला खिळलेली. त्यांना अचानक जास्त झालं तर नर्स घरी पाठवायची, औषधं आणि ऑक्सिजन बरोबर देऊन. गाड्या थोड्या, जिल्हा मोठा, म्हणून आधी कोण आणि मग कोण हे फोनवरच ठरवावं लागतं. "माणूस किती ओरडतो त्यावर नाही ठरवायचं, बाबा," ती म्हणाली होती, "ओरडणाऱ्याला दम असतो. गप्प बसणाऱ्याची भीती वाटते. म्हणून आम्ही बोलायला लावतो. एका श्वासात पूर्ण वाक्य आलं तर पिवळा. शब्द तुटायला लागले तर लाल." हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. पूर्वी एखाद्या नापास मुलाला पुस्तक वाचण्याची गोडी लागली की आपलाही असाच होत असेल, असं नरहररावांना तेव्हा वाटलं, आणि लगेच, आपण कशाला मध्येच स्वतःला आणतो, असंही वाटलं. कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांचा जन्म गेला. तिथं बोलायचं नसतं, आणि त्यांना ते सोयीचं होतं. कोणी पुस्तक मागितलं तर ते उठून जायचे, काढून आणायचे, पुढ्यात ठेवायचे. छान आहे म्हणून सांगावंसं वाटायचं, पण सांगायचे नाहीत. आपल्याला छान वाटलं ते दुसऱ्याला वाटेलच कशावरून.

मुलीबद्दलही ते कधी बोलले नव्हते. गल्लीतली पोरं पुण्याला होती, हैदराबादला होती, एक तर पार कॅनडात. त्यांच्या पगाराचे आकडे लग्नकार्यांत पंगतीबरोबर वाढले जात. वेदश्रीचं काम काय, असं कोणी विचारलं की नरहरराव 'नर्सिंगमध्ये आहे' म्हणत आणि भाताकडे बघत. एकदा खालच्या वासुदेवरावांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, एमएस्सी नर्सिंग करून पोरगी फोनच उचलते का? त्यावर काय म्हणावं हे त्यांना घरी आल्यावर, चप्पल काढताना सुचलं. ती फोन उचलते आणि मग जिल्ह्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यात दार वाजतं. पण चप्पल काढताना सुचलेलं कोणाच्या उपयोगाचं नसतं.

आता ती तशीच वागली होती. स्वतःच्या आईला तिनं दुसऱ्या कोणाच्या तरी मागे बसवलं होतं. त्यांना भीती वाटायला हवी होती, आणि वाटत होतीच. पण त्या भीतीच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, उबदार, आणि त्याला काय म्हणावं हे ठरवायची त्यांना हिंमत होत नव्हती. बायको घुसमटत असताना माणसाला मुलीचा अभिमान वाटू शकतो का? वाटला तर तो कसला माणूस? त्यांनी मीराबाईंच्या कपाळावरचा घाम पुसला. त्यांचं कपाळ थंड होतं. खिडकीतून कापसाच्या ट्रॉल्यांची घरघर येत होती. कापसाचा भाव एकदम चढल्यामुळे दोन दिवसांपासून जिनिंगच्या रस्त्यावर ट्रॅक्टर एकमेकांना टेकून उभे होते. हवेत रुईचे तंतू तरंगत होते. एक तंतू मीराबाईंच्या ओठांसमोर आला, आत ओढला गेला, बाहेर फेकला गेला, पुन्हा ओढला गेला. ते बघत राहिले, आणि मग त्यांनी उठून खिडकीचं ते एक दार लावून घेतलं.

मीराबाईंचं ते वाक्य खरं नव्हतं. वाक्य पूर्ण होतं, पण ते खरं नव्हतं, कारण ते वाक्य मीराबाई बोललेल्याच नव्हत्या. ते तोंडातच असायचं. लेकीचा फोन आला की आधी ते यायचं, होस्टेलला होती तेव्हापासून, दुपारी चार वाजता फोन आला तरी, लेक सासरी स्वतःच्या हातचं जेवून उठलेली असली तरी. बाळंतपणात, तापात, सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा. त्यांच्या माहेरी, समुद्रपूरकडे, बाई मरायला टेकली तरी लेकीला बरी आहे असंच सांगते. मागून त्यावर हसतातही. दुसऱ्या कोणी फोन घेतला असता तर मीराबाईंनी बोलायचा प्रयत्नही केला नसता. एखादा शब्द निघाला असता, तुटका, आणि लाल लागला असता. लेकीचा आवाज ऐकला म्हणून त्यांनी उरलासुरला सगळा श्वास त्या एका वाक्यात घातला, आणि लेकीनं तो मोजला. दोघींनीही आपापलं काम चोख केलं होतं. त्या दोघींच्या मध्ये फोन धरून उभे होते ते एकटे नरहरराव. त्यांना हे दिसलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं की अगं थांब, हे तिचं नेहमीचं आहे. पण दुसऱ्याचं वाक्य संपल्यावर त्याला आपलं वाक्य जोडायची सवयच त्यांना नव्हती. आणि सांगितलं असतं तर? बापानं पोरीकडे वशिला लावल्यासारखं झालं नसतं का? त्या लाल कॉलवर जे कोणी आहे त्याचाही नवरा, त्याचाही मुलगा असाच फोन धरून उभा असेल. वेदश्रीनं बापाचं ऐकून पिवळ्याचा लाल केला असता तर उद्यापासून तिच्या लालला काय किंमत राहिली असती?

जिन्यावर चपला वाजल्या. वासुदेवराव वर आले होते. दुकान त्यांचं, आणि वरच्या घरात काही हललं की त्यांना खाली कळायचं. दारातूनच त्यांनी पलंगाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनीले काय झालं? काऊन अशा बसल्या?"

"दम लागलाय. फोन केलाय मी. येतील."

"वेदूले केला ना?"

"केंद्रात केला. तीच होती फोनवर."

"मग झालं तर. निंघाली असन गाडी."

"दुसरीकडे गेलीय आधी. मग इथं."

वासुदेवराव आत आले. "दुसरीकडे? साल्पेकर, पोरगी तुमची, माय तिची, अन् गाडी दुसऱ्याकडे? हे म्हंजे सोताच्याच घरात तिकीट काढून शिरणं झालं."

"तसं नाही ते. त्यांचा नियम असतो."

"नियमाले नाक असते का? वहिनीचं पाहा. मोबाईल लावा तिचा. थांबा, मीच लावतो. मायाजोळ हाय नंबर."

"बंद असतो तो. आणि लागला तरी लावू नका."

"काऊन नाई?"

तिथं टेबलाशी बसलेल्या मुलीला खणातून मोबाईल काढून 'बाबा' म्हणायला लावलं तर काहीतरी मोडेल असं नरहररावांना वाटत होतं, आणि ते काय हे त्यांच्याकडे शब्दांत नव्हतं. वासुदेवराव गाडी काढायला तयार होते. पोराची गाडी दारातच आहे, खांद्यावर टाकून खाली नेऊ, चला. पण मीराबाईंचं हृदयाचं दुखणं निघालं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की अशा वेळी आडवं करायचं नाही, जिना तर नाहीच, जिन्यातच काही होईल. मीराबाईंनी मान हलवली. नको. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. त्या बघण्यात मागणी नव्हती, तक्रार नव्हती. वर्गात एखादं भित्रं पोर उत्तर येत असूनही हात वर करत नाही हे बाईंना दिसतं, आणि त्या नुसत्या त्याच्याकडे बघत थांबतात, तसं काहीसं होतं ते. त्यांच्या ओठांच्या कडा निळसर झाल्या होत्या. मघाशी नव्हत्या. की मघाशीही होत्या, आणि आपण बघितल्या नाहीत?

नरहररावांनी फोन उचलला. काही बदललं तर याच नंबरावर, ती म्हणाली होती. हे तिनं बापाला सांगितलेलं नव्हतं, फोन करणाऱ्याला सांगितलेलं होतं, आणि फोन करणारा म्हणून तेवढा हक्क आपल्याला आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. घंटी वाजत असताना त्यांना वाटत होतं की आता दुसरं कोणीतरी उचलावं, एखादा अनोळखी आवाज, म्हणजे मनासारखं बोलता येईल. उचलला वेदश्रीनंच.

"मी मघाशी फोन केला होता," ते म्हणाले. "आर्वीहून. मीरा साल्पेकर." यावेळी नाव लगेच आलं. "मघाचं वाक्य धरू नका. म्हणजे वाक्य बोलल्या त्या, पण ते सवयीचं होतं. मुलीशी बोलताना त्या तसंच बोलतात, कितीही त्रास असला तरी. त्यानंतर त्यांना एक शब्दसुद्धा बोलता आलेला नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

पलीकडे कळफलक थांबला. जिन्यात अंधारात पाय एक पायरी चुकावा आणि माणसानं कठडा धरावा, तेवढाच वेळ. मग ती म्हणाली, "ओठांचा रंग?" त्यांनी सांगितलं. "हात थंड?" थंड. "लाल," ती म्हणाली. "आता ऐका. आर्वीची गाडी पेशंटपाशी पोचलीय, काम चालू झालंय, तिला तिथून उठवता येणार नाही. पुलगावहून दुसरी सोडतेय. रस्त्यात कापसाची गर्दी आहे, गाडी अडकली तर नर्स मिळेल त्या वाहनानं पुढे येईल. तोवर त्यांना तसंच सरळ बसवा, पाय पलंगाखाली सोडा, पाठीला आधार द्या. पाणी पाजू नका. बोलायला लावू नका, कोणीही." 'कोणीही'वर तिचा आवाज किंचित खाली गेला, आणि परत वर आला. "तुम्ही परत फोन केलात ते बरोबर केलंत. असंच करायचं असतं."

हे ती सगळ्यांनाच म्हणत असणार. सेलू-कारंज्याकडच्या एखाद्या घाबरलेल्या शेतकऱ्यालाही, हिंगणघाटच्या एखाद्या गिरणीतल्या माणसाच्या बायकोलाही, याच आवाजात. नरहरराव पलंगावर चढून मीराबाईंच्या पाठीमागे बसले, त्यांची पाठ आपल्या छातीला टेकवून घेतली, आणि त्या सगळ्यांमध्ये आपण एक आहोत या विचारानं त्यांना एकाएकी फार भक्कम वाटलं. लेक म्हणून तिनं धीर दिला असता तर तो त्यांना पुरला नसता, त्यात तिचं रडू मिसळलं असतं. हा धीर सगळ्यांसाठी होता, म्हणून त्यावर पाठ टेकता येत होती. मीराबाईंच्या पाठीतून खरखर त्यांच्या छातीत येत होती, दूरच्या गिरणीसारखी. ती ऐकता ऐकता त्यांचा स्वतःचा श्वासही तिच्या तालावर जायला लागला. मग त्यांनी तो मुद्दाम लांबवला. हळूहळू घेतला, हळूहळू सोडला, की तिनं तो उचलावा. उचलला की नाही कोण जाणे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती रात्री पुस्तक मिटून म्हणायची, तुमचा श्वाससुद्धा दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून घेता तुम्ही. तेव्हा ते ओशाळायचे. आता त्यांनी तो घेतला, तिला ऐकू जाईल इतका मोठा. वासुदेवराव मध्येच खाली जात, रस्ता बघून वर येत, आणि पुन्हा जात.

स्कूटी आल्याचं कळलं ते आधी वासुदेवरावांच्या आवाजावरून. "इकडं, इकडं, जिन्यानं." वर्षाली नावाची सडपातळ पोरगी पाठीवर बॅग आणि हातात लहान सिलिंडर घेऊन जिना चढून आली. केसांवर रुईचे पुंजके बसले होते. तिनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. मास्क लावला, बोटाला चिमटा लावला, दंड बांधून शीर शोधली, कानाला फोन लावून डॉक्टरांना आकडे सांगितले, 'हो सर' म्हणाली आणि इंजेक्शन दिलं. हे सगळं तिनं नरहररावांना पलंगावरून न उठवताच केलं. "तुमी हलू नका काका," ती म्हणाली, "तुमी मस्त तक्क्या झाले आहात." त्यांनी हलायचा विचारही केला नव्हता. कितीतरी वेळ काहीच बदललं नाही. मग पाठीतली खरखर जरा विरळ झाली. मग खांदे खाली आले. मग मीराबाईंचं डोकं मागे कलून त्यांच्या खांद्यावर पडलं, आणि ते दचकले. पण ते पडणं थकलेल्या माणसाचं होतं. बोटाच्या चिमट्यावरचा आकडा वर्षालीनं बघितला, पुन्हा बघितला, आणि पहिल्यांदाच मांडी घालून जमिनीवर बसली.

"आल्या परत आई," ती म्हणाली. "आता छातीतलं पाणी उतरन. घंट्याभरात बाथरूमले पळसान तुमी, मंग म्हणू नका सांगतलं नाई."

वासुदेवरावांनी खालून चहा आणला होता. तो पिता पिता वर्षाली बोलायला लागली, घाम वाळेपर्यंत सगळेच बोलतात तसं. पुलगावहून निघताना तिनं गाडीवाल्या किशोरभाऊला म्हटलं होतं की ट्रॉल्यांत अडकलो तर मले उतरवून देजो. विरुळापाशी अडकलेच. तिथून कोणाची तरी स्कूटी मागून ती आली. आर्वीची गाडी ज्या बाईकडे गेली ती धुरपताबाई, वांगी विकते बाजारात, तिचा जीव पार गेला होता म्हणे. वाचली. "आमच्या कंट्रोलवर एक मॅडम हाय," वर्षाली म्हणाली. "मी अजून पाह्यलं नाई त्याहिले, मले महिनाच झाला लागून, नुस्ता आवाज ऐकते. लय कडक. आर्वीची गाडी लवकर सोडा म्हून मी म्हटलं, तर म्हणे, तिथली बाई श्वास घेईपर्यंत ती गाडी कोणाची नाई. मंग मलेच फोनवर फोन. कुठं पोचली, किती राह्यलं, उतर, दुसरं वाहन पाहा. जसं काई मीच उशीर करून राह्यली. किशोरभाऊ म्हणे, या मॅडमले आईबाप हायेत का नाई देव जाणे."

वासुदेवरावांनी तोंड उघडलं. नरहररावांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि ते तसंच मिटलं. मास्कच्या आत मीराबाई काहीतरी म्हणत होत्या, मास्कवर वाफ धरत होती. त्यांनी एका बोटानं मास्क वर उचलायला घेतला. "बोलू नका आई," म्हणत वर्षालीनं तो परत नीट बसवला. मीराबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. एरवी अशा वेळी ते भाताकडे बघत, पायाकडे बघत, पुस्तकाच्या कण्याकडे बघत. आता बघायला समोर फक्त ती पोरगी होती, केसांत कापूस घेऊन बसलेली.

"आहेत," नरहरराव म्हणाले. "दोघंही आहेत."

"तुमी ओळखता का मॅडमले?"

त्यांनी जरा विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं ते नेमकं किती हे आजवर त्यांनाही माहीत नव्हतं.

"आज ओळख झाली," ते म्हणाले. "फोनवर." आणि बायकोचा भार छातीवर घेऊन ते, जरा जास्तच, ताठ बसले.